कंपाउंडरने हत्ती फुकट दिला

४ मार्च

चि. ठमीस,
मामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. नव्या खोलीची खिडकी वाऱ्याने आपटते म्हणतेस, तर फटीत कागदाची घडी कोंब आणि मालकाच्या मागे लाग. आता माझं ऐक. कंपाउंडर बिघडला आहे.

माझ्या चष्म्याच्या दुकानासमोरच्या दवाखान्यात तो औषधं द्यायचा, आठवतो ना? निवृत्त होऊन मुलाकडे लांब राहायला गेला, तेव्हापासून आमचा बुद्धिबळाचा डाव टपालाने चालतो. एका कार्डावर एक खेळी, खाली गुडघेदुखी आणि शेजाऱ्यांच्या चहाड्या. तर मध्यंतरी या माणसाने मला अख्खा हत्ती फुकट दिला. कुणाला रिकामी बाटली फुकट न देणारा हा गृहस्थ! मी हत्ती मारला, मिशीतल्या मिशीत हसलो, आणि पुढच्या कार्डाला त्याच्या घोड्याने माझा राजा आणि हत्ती एकदम धरले. हत्ती गेलाच, वर दोन प्यादी गेली.

हे त्याचं डोकं नव्हे. सुनेने घरात कॉम्प्युटर आणलाय, हे त्यानेच लिहिलं होतं. तू ऑफिसात बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचे प्रोग्राम लिहितेस. सोबत डावाच्या सगळ्या खेळ्या पाठवतो. विचार तुझ्या यंत्राला, या खेळ्या माणसाच्या की त्याच्या भाऊबंदाच्या. मी राजापासून लांबच्या कडेचं प्यादं एक घर पुढे सारायचं ठरवलं आहे, कार्डही लिहून तयार आहे, पण तुझं उत्तर येईपर्यंत टाकत नाही.

मामी म्हणते, मला हरणं सोसत नाही. तिला काय कळतंय!

जेवण वेळेवर घे. पत्राची वाट बघायला लावू नकोस.
तुझा मामा

११ मार्च

ती. मामांस,
ठमीचा सा. न. वि. वि.

खिडकी गप्प झाली. मालक अजून व्हायचाय.

यंत्राला डोकं नसतं मामा, चिकाटी असते. कोडं समोर ठेवलं की ते आपल्या एकेका खेळीला समोरच्याची सगळी उत्तरं लावून बघायला लागतं. एखाद्या खेळीला एक जरी सणसणीत उत्तर सापडलं, की ती खेळी तिथेच बाद; ती आणखी किती वाईट आहे हे बघत बसत नाही. आधी शह आणि मारामारी तपासतं, कारण तिथे समोरच्याला हातपाय हलवायला फारशी जागा नसते. मारामारी चालू असताना मध्येच हिशेब मिटवत नाही, ती संपेपर्यंत बघतं. तोच पट दुसऱ्या वाटेने पुन्हा आला तर ओळखतं आणि पुन्हा डोकं चालवत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला लाज नाही. वजीर फुकट द्यायचा नुसता विचार केला तरी आपला जीव वरखाली होतो. ते खुशाल देऊन बघतं. म्हणून आपल्याला रडवणारी कोडी ते चुटकीसरशी सोडवतं.

तुमचा डाव मी जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे मांडला. हत्ती द्यायची खेळी त्यालाही लगेच सुचली, हे खरं. तरीही कंपाउंडरकाका सच्चे आहेत. माझी पक्की खात्री आहे. कशावरून, ते मात्र विचारू नका.

मामींना नमस्कार. माया आहे ती आटू देऊ नका.
तुमची ठमी

१७ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

विचारू नका म्हणजे काय? इथे माझ्या डोक्याचा भुगा झालाय आणि तू हातचं राखून लिहितेस! यंत्रालाही तीच खेळी सुचली हे स्वतःच सांगतेस, आणि वर तो सच्चा? वकील झाली असतीस तर अशील तुरुंगात गेला असता.

आता एक गोष्ट सांगतो, रागावू नकोस. तुझं उत्तर येईपर्यंत धीर न धरता मी त्याला एक कार्ड टाकलं. त्यात एवढंच लिहिलं की तुमच्या घरच्या यंत्राची प्रकृती कशी आहे, त्याला औषध वेळेवर देता ना. त्यावर त्याचा काही म्हणता काही पत्ता नाही. टपालवाला आमचं दार टाळून पुढे जातो तेव्हा मी त्याला हाक मारून पिशवी पुन्हा बघायला लावतो. दुकान विकल्यापासून माझ्याशी भांडणारं दुसरं कोण उरलंय? मामी धरू नकोस, ती मला जिंकूच देत नाही.

मी माणूस गमावला असेन तर निदान कशापायी ते कळू दे. पुरावा पाठव. मायेने मागतोय, समजून घे.
तुझा मामा

२४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

असं कार्ड टाकलंत? मामा, मामा!

पुरावा माझ्याकडे आहे, आणि तुमची शपथ, तो तुम्हालाच देता येत नाही. डाव अजून चालू आहे. कारण सांगायचं म्हणजे तुमच्या खुर्चीमागे उभं राहून कानात कुजबुजणं. काकांनी कॉम्प्युटर वापरलेला नाही. या डावात यंत्र आणलं असेल तर ते आपण दोघांनी. चोर पकडायला म्हणून चालू डाव तुम्ही पाठवलात आणि मी मूर्खासारखी तो मांडून बसले. डाव संपला की सगळं सांगेन. तोवर माझ्या शब्दावर भरवसा ठेवा, आणि काकांची माफी मागा. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण पत्र बंद करू नका.

तुमची ठमी

३० मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दिवसभर धुमसत होतो. संध्याकाळी दाढी करताना लख्ख उजेड पडला. तुझं यंत्र जे सोडत नाही ते कंपाउंडरच्या नजरेतून सुटलंय, हाच तो पुरावा! आणि ते अजून पटावर आहे, म्हणून तू तोंड शिवलंस. अर्धवट साबण लावून मी पटाकडे धावलो, शोधायला बसलो, आणि मग माझीच मला शरम वाटली. शोधलं असतं तर सापडलंही असतं. पण ते माझं नसतं.

पटावर मामीचा टेबलक्लॉथ टाकलाय. आधी ठरवलेलीच खेळी, कडेचं प्यादं एक घर, तीच पाठवली. सोबत कंपाउंडरला सगळं कबूल करून लिहिलं: तुझ्यावर संशय घेतला, चालू डाव भाचीच्या यंत्राला दाखवला, डाव हवा तर तू घे, पण एक ओळ लिही.

अजून ओळ नाही. जेवण जात नाही. मामी म्हणते पोट साफ होईल.

तू केलंस ते बरोबर केलंस. अशीच माझ्यापेक्षा वरचढ राहा.
तुझा मामा

१२ एप्रिल

चि. ठमे,
मामीचे पोटभर आशीर्वाद.

तुझे मामा सध्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाठून स्वतःच्या पराभवाचं वर्णन करत फिरताहेत, म्हणून मी लिहिते.

मंगळवारी दारात कंपाउंडर! बसने आले, गुडघ्याला पट्टा बांधून. चहा नको, पाणी नको, आधी पट कुठे आहे? टेबलक्लॉथ ओढला आणि आपला वजीर यांच्या राजाशेजारी नेऊन ठेवला, धडधडीत फुकट. यांना तो हत्तीने मारावाच लागला. मग घोडा उडाला आणि मात. राजा आपल्याच माणसांच्या गराड्यात कोंडलेला. हे इतक्या मोठ्याने ओरडले की मला वाटलं, पडले. बघते तर दोघं एकमेकांच्या गळ्यात.

ती खेळी म्हणे त्यांना आधीचं कार्ड पेटीत टाकल्या टाकल्या दिसली, आणि तेव्हापासून ते कपाळ बडवत बसले होते. यांच्या संशयाचा राग? छे! ते कार्ड त्यांनी सुनेला, दूधवाल्याला, सगळ्यांना दाखवलं, की बघा, लोक मला यंत्र समजतात. मग उत्तर का नाही? तर दोघांनी स्वतःच घातलेला नियम आहे, खेळी नसलेल्या कार्डाला उत्तर द्यायचं नाही. तुझे मामा तो रागात विसरले, आणि दोन म्हातारे दोन टोकांना टपालवाल्याकडे डोळे लावून बसले. मी कपाळाला हात लावला.

भाचीच्या यंत्राचं विचारल्यावर ते म्हणाले, जो सगळं कबूल करूनही असली खेळी पाठवतो, त्याला यंत्राने काय शिकवलं असणार.

मला मात्र एक शंका होती. ते गेल्यावर मी यांना विचारलं, इतकं जपलेलं राज्य घालवून बसलात, वाईट नाही वाटत? तर हे चष्मा पुसत म्हणाले, बचाव केला असता तर त्याचं कार्ड आलं असतं. नाही केला म्हणून तो स्वतः आला.

येत जा गं. तुझ्या मायेवर आमचा हक्क आहे, तो असाच राहू दे.
तुझी मामी