देवळालीचा ताप

पिंपरी,
१८ नोव्हेंबर १९५५

चि. ज्योतीराम यास,
सुमनताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र दिवाळीच्या तोंडावर मिळालं. आम्ही दोघी इकडे ठीक आहोत. थंडीचं जपून राहा.

तुझ्या मँचेस्टरच्या घरमालकीणबाई गमतीच्या दिसतात. आयरिश बाईनं तुला 'इजिट' म्हणावं आणि तू ते कौतुकानं लिहावंस. आपल्याकडच्या 'येड्या'तलाच प्रकार की, शिवी कमी आणि माया जास्त. मी म्हणायचे तेव्हा मात्र रुसून बसायचास. कारखान्यातले शब्दही वाचले. आरामाच्या कामाला 'कुशी' म्हणतात, तो आपल्या खुशीतून गेला. आणि आपल्या 'विलायती'चं 'ब्लायटी' करून गोरे सोल्जर घरच्या आठवणी काढायचे. आपल्याकडचं एवढं नेलं, त्यातले शब्द तेवढे ओळखू येतात. सायकलवाल्या करीमभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "देहूरोडचे गोरे 'डेक्को, डेक्को' करायचे. मला वाटायचं, यांना हिंदी येतं."

'डूलाली' मात्र मी कुणालाच वाचून दाखवला नाही. डोकं फिरलेल्या माणसाला तिकडे असं म्हणतात, आणि मूळचं ते 'डूलाली टॅप', म्हणजे आपल्या देवळालीचा ताप. घरी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत सोल्जर तिथल्या छावणीत महिनोन् महिने पडून राहायचे आणि भ्रमिष्ट व्हायचे. तू लिहिलंस, आईला सांग, हसेल. मी सांगितलं नाही.

दिवाळी बरी झाली. अनारसे छान जाळीदार झाले. भाऊबीजेला तू नाहीस म्हणून चंद्राला ओवाळायला अंगणात गेले. बीजेची कोर लगेच मावळते, त्यामुळे घाईच होती. ओवाळून घरात आले तर आई नाही. शेजारीपाजारी शोधलं. शेवटी करीमभाई तिला स्टेशनवरून घेऊन आले. फलाटावरच्या बाकावर बसली होती, पदरात अनारसे बांधलेले. मी रागावले तर म्हणाली, "आगं, ज्योत्याची पुण्याची शाळा सुटली आसंल. गाडीतनं उतरलं की पोराला भूक लागती."

हे पहिल्यांदा झालेलं नाही. आषाढापासून चाललंय. भानावर असते तेव्हा तिला सगळं कळतं, आणि तेव्हाच तिनं मला शपथ घातली, "पोराला काय कळवू नगं. त्याचं तिकडं चांगलं चाललंय." म्हणून मी तुला पाऊस आणि भाजीचे भाव लिहीत राहिले. शाळेत शिकवायला जाते तेव्हा घराला बाहेरून कडी घालते. आतून ती हाका मारते, तरी जाते. संध्याकाळी बोलायला कोणी नसतं. मला फार एकटं वाटतं रे.

तू विचारलं आहेस, कंपनी आणखी दोन वर्षं ठेवून घेतेय, आईची हरकत नसेल तर सही करतो. तिची हरकत नाही. माझी आहे. सही करू नकोस. दोन वर्षांनी येशील तेव्हा आई घरात असेलही, पण तुला ओळखेल की नाही, मला सांगता येत नाही.

शेवटी आईचे आशीर्वाद लिहायची आपली रीत. आत्ताच तिला विचारलं, "तुझं काय लिहू?" तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "कुणाला?"

ये.

तुझी,
सुमनताई