पूर्व आफ्रिका, व्हाया एडवण

६ जानेवारी
एम.ए., आंतरराष्ट्रीय विकास, शेवटचं वर्ष. आज पालघरला कॉलेजात रीजनल फोकस निवडायचा होता. मी लिहिलं: पूर्व आफ्रिका, किनाऱ्यावर मासे सुकवणाऱ्या स्त्रिया. वर्गात शांतता. आदराची असावी. वर्गातल्याच तेजलने विक्रमगडकडचा स्वतःचाच पाडा घेतला, तिथून वीटभट्टीवर जाणारी माणसं. याला फोकस म्हणत नाहीत, घरी जाणं म्हणतात.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून स्वाहिली.

७ जानेवारी, सकाळी ९.४०
उठलो. उद्यापासून.

१३ जानेवारी
स्वाहिलीत 'पोले पोले' म्हणजे हळूहळू. भाषा आवडली.
माझ्या गाइड हिना मॅडम म्हणाल्या, आफ्रिका ठीक आहे, पण ती पुस्तकातून येणार. तुलनेसाठी इथल्या तीस बायकांचे फॉर्म हवेत, समोर बसून भरलेले. तू एडवणचा, आई मासळी सुकवते, मग अडचण काय? वीस फेब्रुवारीपर्यंत फॉर्म नाहीत तर वर्ष गेलं समज.
टांझानियाच्या अभ्यासकाला एडवणला पाठवतात. असो. दोन दिवसांचं काम.

२२ जानेवारी
फॉर्म तयार. चौसष्ट प्रश्न. थकलो. तीन दिवस विश्रांती.

२७ जानेवारी
बायकांच्या आधी पुरवठ्याची बाजू समजून घ्यावी म्हणून पहाटे किनाऱ्यावर गेलो. (खरंच गेलो.) गावातले कमलाकांतकाका मासेमारीला निघायला आपल्या बोटीत पाय टाकत होते. प्रश्न क्र. १ विचारला: आज कुठे जाणार, मासळी किती मिळेल?
समुद्रावर निघालेल्या माणसाला असं विचारायचं नसतं, अपशकुन होतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणतो. पण संशोधकाने घरच्या समजुतींपासून अंतर ठेवावं असं पुस्तकात आहे. काकांनी टाकलेला पाय काढून घेतला. म्हणाले, आता नाय जात. मागच्या दोन बोटीही किनाऱ्यालाच राहिल्या.
नोंद: प्रतिसादकाने उत्तर देण्यास नकार दिला.

२८ जानेवारी
आई नारळ घेऊन काकांकडे जाऊन आली. तिची मासळी त्यांच्याच बोटीवरून येते. काल तिच्याकडे सुकवायला काहीच नव्हतं. काकू तिला म्हणाल्या, तुज्या पोराचा कागद आमच्यासमोर आणू नको. बाकीच्या बायका म्हणजे काकूंच्या जावा, नणंदा नाहीतर विहिणी. सॅम्पल फारच एकजिनसी निघालं.
आईनेही फॉर्म भरला नाही. म्हणाली, त्यांचा राग निवू दे आधी. संशोधनात भावना आणू नयेत हे तिला कोणीतरी सांगायला हवं. मी नाही सांगणार.

५ फेब्रुवारी
काकूंच्या नात्याबाहेरचं सॅम्पल हवं म्हणून बोईसरला गेलो. सालवडला कामगारांच्या चाळीत शिफ्ट सुटताना उभा राहिलो. एकाने हिंदीत विचारलं, भरती चालू है क्या? मी नाही म्हणेपर्यंत अकरा जणांनी आपापली नावं फॉर्मवर लिहून दिली. मासे सुकवणारं त्यात कोणी नाही. एकाने बायोडेटाही दिला. चांगला आहे. माझ्यापेक्षा.

१२ फेब्रुवारी
तेजलचे चाळीस फॉर्म झाले. ती म्हणे आठ दिवस भट्टीवर बायकांबरोबर विटा उचलत होती आणि उचलता उचलता विचारत होती. मला म्हणाली, कागद खाली ठेव रे, आधी त्यांच्याबरोबर पाटी उचल. मी तिला संशोधनातल्या पूर्वग्रहाबद्दल अर्धा तास समजावलं. ती मधेच बससाठी निघून गेली.

१८ फेब्रुवारी
दोन दिवस उरले. आज दुपारी एकदम उमजलं. या घरात मी बावीस वर्षं राहतोय. म्हणजे बावीस वर्षं निरीक्षण. डेटा माझ्यातच आहे! एका बैठकीत तीस फॉर्म भरले, तीन रंगांच्या पेनांनी. ही बनवाबनवी नाही, पुनर्रचना आहे. नंतर गाढ झोप लागली. मन स्वच्छ असल्याशिवाय अशी झोप लागत नाही.

२० फेब्रुवारी
फॉर्म दिले. मॅडम म्हणाल्या, फारच नीटनेटके आहेत. कौतुक.

४ मार्च
आज तोंडी. बाहेरचे एक सर आणि हिना मॅडम. टांझानियावर अकरा मिनिटं बोललो. सरांनी दोनदा मान हलवली.
मग मॅडमनी विचारलं, तीसच्या तीस बायका दुपारी दोन ते चार 'विश्रांती' कशा लिहितात? जवळा उन्हात सुकायला पसरलेला असताना दुपारी काय करतात? मी म्हणालो, ते व्यक्तीनुसार बदलतं. त्या म्हणाल्या, आईला फोन लाव, स्पीकरवर.
लावला. मॅडमनी नमस्कार करून विचारलं, दुपारी कुठे असता? आई म्हणाली, तितंच की. जवळा खालीवर करायचा, कावळे हाकायचे, दव पडायच्या आत गोळा करायचा. जेवण? तितंच, उभ्यानं. मॅडम म्हणाल्या, मुलाला मदतीला बोलवत नाही का? आई म्हणाली, तो निजलेला असतो, उठवीत नाय मी. मग तिला वाटलं काहीतरी चुकलं. घाईने म्हणाली, पण पोर हुशार हाय मॅडम, त्याला आफ्रिकेचं सगळं मायती हाय.
सर खिडकीबाहेर बघत राहिले. मला जमिनीत जावंसं वाटलं. मॅडमनी तीसही फॉर्म परत केले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ मार्च, दुपारी १.५०
वर्ष गेलं. आईला सांगितलं, निकाल तांत्रिक कारणाने लांबलाय. ती दारात टोपली घेऊन उभी होती. म्हणाली, मी फोनवर कायतरी चुकीचं बोलली काय रे? माज्यामुळं झालं काय?
नाही म्हणालो. तिला पटलं नाही. पुन्हा म्हणालो, नाही. ती बरं म्हणाली आणि जवळ्याकडे गेली.
तिच्या मागोमाग जायला उठलो होतो. बाहेर ऊन फार आहे. उद्या नक्की.