वाढत्या अंगाचं जाकीट

३ नोव्हेंबर

बस बंद! पुलापलीकडे जाणारी एकुलती एक बस, आणि आजपासून नाही म्हणे. थांब्यावर कागद चिकटवलाय, तोही उलटा. मान वाकडी करून वाचला. शेजारी एक गृहस्थ उभे होते. "बघा आता," म्हणाले आणि निघून गेले. काय बघा?

तिकडे माझी मैत्रीण शिडी वाट बघत बसली असणार. चालत जावं तर गुडघे अर्ध्या वाटेत संप करतात. रोज टॅक्सी करायची आपली ऐपत नाही. घरी परत आले, जिन्याखालून सायकल बाहेर ओढली. कोळ्यांनी संसार थाटला होता तिच्यात. डॉक्टर मागे म्हणाले होतेच, "तुमच्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा सायकल बरी." तेव्हा मी हसले होते.

हवा भरून घेतली. दोनदा उतरून पुन्हा चढले. पोचले!

४ नोव्हेंबर

शिडीला सायकलचं सांगितलं तर एवढी हसली की मेट्रनबाई डोकावून गेल्या.

"तू? सायकल? शाळेत तर साधी दोरीवरची उडी चुकायची तुझी."

"दोरी हलते. सायकल आपण हलवतो."

"मग मी मागे बसून येते. डोळे नसले तरी चालेल ना मागच्याला?"

डोळे गेल्यापासून ती या वृद्धनिवासात आहे. मुलगा लांबच्या गावी असतो, मधूनमधून येतो. मी रोज सकाळी जाते, तिला वाचून दाखवते. सध्या एक खुनाची गोष्ट चालू आहे. मी दम घ्यायला थांबले की लगेच "पुढे?" म्हणते. कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर होतो आम्ही. ती एवढी उंच की शिडी. मी तंबू.

मला तंबू म्हणणारं आता या जगात ती एकटीच उरली आहे.

९ नोव्हेंबर

गार. पुलावर वारा समोरून येतो आणि कानात शिरतो.

मेट्रनबाईंनी आज दारातच सगळ्यांना बजावलं: खोकला, सर्दी, काहीही असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. गेल्या हिवाळ्यात तिथल्या काही जणी छातीच्या दुखण्याने गेल्या, तेव्हापासून हा नियम आहे. बरोबरच आहे त्यांचं. पण माझी छाती म्हणजे जरा गारवा लागला की वाजायला सुरुवात. म्हणजे मला थंडी लागून चालणारच नाही. लागली की शिडी बंद!

आणि शिडी बंद म्हणजे... जाऊ दे. पुढचं लिहीत नाही.

१२ नोव्हेंबर

सुती बनियन, त्यावर दोन स्वेटर, त्यावर ह्यांचा जुना ओव्हरकोट. सायकलवर बसले की कोट वर चढतो आणि कमरेशी उघडी फट. सारा वारा तिथूनच आत! पुलावर एका हाताने कोट खाली ओढायला गेले, पडता पडता वाचले.

नाही. नीट कपडे घ्यायला हवेत. सायकलचे म्हणून मिळतात ते.

१५ नोव्हेंबर

दुकानात गेले. काउंटरवर एक तरुण मुलगी, च्युइंगम चघळत. "बायकांचं वेगळं येतं काकू, पण सध्या साइझ नाहीत. पुरुषांचं स्मॉल बघा, चालून जातं." पुरुषांचं स्मॉल म्हणजे काय ते आज कळलं. खांद्यात दोघी मावतील आणि नितंबांवर येऊन अडकतं. मग मीच म्हटलं, एक नंबर मोठं दे. मग तेही बाजूला ठेवून आणखी एक मोठं.

"मोठं होतंय काकू."

"असू दे गं. आत स्वेटर जाईल."

आरशासमोर ताठ उभी राहिले. पाठ सरळ, हात बाजूला. शाळेत शिवणाच्या सिस्टर असंच उभं करून गणवेश बघायच्या, मग गुडघ्यावर बसवायच्या. स्कर्टचा काठ जमिनीला टेकला पाहिजे. माझा टेकायचा, आणि वर आणखी जमिनीवर पसरायचा, म्हणून तंबू. आई शिंप्याला सांगायची, "वाढत्या अंगाचं शिवा." दरवर्षी थोडी दुमड सोडायची. मी वाढत गेले आणि स्कर्ट माझ्या पुढेच राहिला. नेमका अंगाला बसला तेव्हा शाळा संपली होती.

आरशात छान दिसलं. निळं आहे. घेतलं.

१६ नोव्हेंबर

शिडीने हात लावून बघितलं. खांदे चाचपले, बाही चिमटीत धरली, मग पाठीवरून हात फिरवताना थांबली.

"हे काय? इथे आणखी एक बाई राहते का?"

"जरा मोकळं घेतलंय."

"जरा? अगं तंबू, या वयात वाढत्या अंगाचं घेतलंस? आता कुठे वाढणार आहेस तू?"

दोघी इतक्या हसलो! तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिसत नाही पण पाणी येतं, मला वाटलं नव्हतं.

हसताना एक लक्षात आलं. मी खरंच आयुष्यभर मोठंच घेत आले आहे. चपला, ब्लाऊज, स्वेटर. लग्नातलं सुद्धा. दुकानदाराने नेमकं माप दिलं की मला उगीच वाटतं, आपण काहीतरी वाया घालवतोय.

२० नोव्हेंबर

जाकिटात वारा भरतो. पुलावर मी शिडाच्या होडीसारखी मागेच ढकलली जाते. जोर लावावा तर घाम, बनियन ओली, आणि थांबलं की ती पाठीला बर्फासारखी चिकटते.

घशात खवखव.

२१ नोव्हेंबर

खोकला.

२२ नोव्हेंबर

तरी गेले. सगळं खोकून घेतलं पुलावरच, म्हणजे तिथे येणार नाही. दारात मेट्रनबाईंनी "कशा आहात?" विचारलं. तोंड उघडलं आणि आलाच!

"नाही बाई. घरी जा."

"नुसती उभी राहते खिडकीबाहेर."

"त्यांना खिडकीतून काय दिसणार आहे?"

बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी सायकल वळवली.

२५ नोव्हेंबर

काढा, वाफ, गोधडी. दिवसभर कुणाशीही एक शब्द नाही. दुपारी दूधवाल्याची बेल वाजली तर धावत गेले. तो शेजारच्या घरी आला होता.

आयुष्यभर टेलिफोन खात्यात बसून लोकांचे फोन जोडून दिले. "बोला, तुमचा नंबर लागला आहे!" किती जणांना म्हटलं असेल हे.

२८ नोव्हेंबर

शिडीचा फोन! ऑफिसातून, मेट्रनबाईंनी लावून दिला.

"मेट्रनची भाची वाचायला येते. सगळे एकाच आवाजात मरतात गं. खून झाला तरी कळत नाही."

"खुनी कोण ते ऐकू नकोस. मी येईपर्यंत थांब."

"थांबले आहे ना. कानात बोटं घालून बसते." मग आवाज बदलला. इतकी वर्षं शाळेत खेळ शिकवायची ती, तो आवाज अजून आहे. "आता ऐक. सुती काही घालायचं नाही आत. सुती घाम पितं आणि अंगावरच गार होतं. पोरींना ओरडून ओरडून माझा घसा गेला. आत पातळ लोकरीचं, अंगालगत. अगदी अंगालगत! आणि दुकानात ताठ उभी राहिली असशील ना? सिस्टर आहेत अशा थाटात?"

"राहिले होते."

"सायकलवर ताठ बसतेस का? वाक, बये! वाकून बघ मापाला!"

इतकं साधं. इतकं साधं मला सुचलं नाही.

४ डिसेंबर

खोकला थांबलाय. पुन्हा दुकान, पण दुसरं. यावेळी बायकांचंच हवं म्हणून ठाम सांगितलं. नाही म्हणाले असते तर निघाले असते. पण होतं! मागे, पायऱ्या चढून, एका कोपऱ्यात.

दुकानातल्या बाईंना म्हटलं, मला एखादी सायकल द्या, तिच्यावर बसून बघायचं आहे. त्यांनी स्टँडवरची एक दाखवली. वाकले. पहिलं जाकीट मनगटावरून वर गेलं. दुसऱ्याची पाठ वर चढली. तिसऱ्याची पाठ मुद्दाम लांब कापलेली, मागे शेपटासारखी. उभी राहिले की विचित्र दिसतं, वाकलं की कंबर झाकते. छातीशी जागा आहे, नितंबांवर जागा आहे, आणि खांद्यात नाही. पुढून वारा न शिरणारं कापड, मागून घाम बाहेर जाऊ देणारं. कुणीतरी बाईचं अंग समोर ठेवून कापलंय हे.

मग आतलं लोकरीचं. ते घालायला पडद्यामागे गेले. आरसा फार जवळ होता. कापड अगदी अंगालगत. पोट, दंड, खांद्याची हाडं, सगळं जसं आहे तसं. लाज वाटली. हात आपोआप पुढे आले झाकायला. हे गेल्यापासून या अंगाकडे कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

बाईंनी टेप लावून माप घेतलं. मी सांगत होते त्यापेक्षा बरंच लहान निघालं. "चुकलं असेल," मी म्हटलं. पुन्हा घेतलं. तेच. मी कमी झाले आहे. कधी झाले, कळलं नाही.

पायांत आतून मऊ अस्तर असलेली घट्ट विजार, हातमोजे, हेल्मेटखाली बसणारी पातळ कानटोपी. गर्द केशरी जाकीट, दुरून दिसावं म्हणून. बाई म्हणाल्या, "आता एक नंबर मोठं देऊ का, आत काही घालायला?"

ओठांवर "द्या" आलं होतं. "नको," म्हटलं.

६ डिसेंबर

गेले. पूल गोठल्यासारखा. दोन्ही कठड्यांवर पांढरी साय. आणि मला थंडी नाही! गालांना लागत होती, तेवढीच. बाकी आत मी माझीच ऊब घेऊन चालले होते. जाकिटात वारा शिरायला जागाच नव्हती. मोठ्याने गाणं म्हणावंसं वाटलं. थोडं म्हटलंही. शाळेच्या प्रार्थनेचं, दुसरं ऐन वेळी आठवलं नाही.

दारात मेट्रनबाईंनी मला थांबवलं, कान देऊन ऐकलं. मी लांब श्वास घेऊन दाखवला. सोडलं आत!

शिडीने पुन्हा तपासणी केली. खांदा, बाही, पाठ. "वाक," म्हणाली. वाकले. कमरेशी बोट घालून बघितलं, बोट आत जाईना.

"हं," म्हणाली. आयुष्यात तिने मला पहिल्यांदा पास केलं.

मग लगेच, "पुढे?"

पुस्तक काढलं.

२९ डिसेंबर

एक दिवसही चुकला नाही. रस्त्यावरचे लोक ओळखू लागलेत. पाववाला हात करतो. चौकातला पोलीस म्हणाला, "आज लवकर, काकू?" एवढ्याने दिवस जातो माझा, हे कुणाला सांगायची सोय नाही.

खुनी सापडला. शिडीचा अंदाज बरोबर होता. दिवसभर तेच ऐकवत होती.

११ जानेवारी

आज सगळ्यात मोठी थंडी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी गेले.

शिडी गप्प होती जरा. खिडकीपाशी बसलेली. तिची खोली उत्तरेला, ऊन येतच नाही. हात धरला तर गार लाकूड. माझे हातमोजे काढून तिला घातले. माझ्या मापाचे, तिला अर्ध्या बोटांपर्यंतच गेले.

"तुला इथे फार थंडी वाजते का गं?"

"छे! तू आहेस ना येऊन बडबड करायला."

"काही हवंय का?"

"नवीन पुस्तक. आणि यावेळी खून पहिल्याच पानावर हवा. मागच्यात फार ताटकळले."

ग्रंथालयातून तीन आणली आहेत. उन्हाळ्यापर्यंत पुरतील.

१९ जानेवारी

शिडीचा मुलगा वृद्धनिवासाच्या दारातच भेटला. परत निघाला होता, हातात रिकामी सूटकेस.

"मावशी, आता तुम्हीच समजवा. उन्हाची खोली तयार करून ठेवलीय तिच्यासाठी. थंडी पडायच्या आधीपासून न्यायला येतोय. दर वेळी एकच सांगते: 'ती एवढ्या गारठ्यात सायकल मारत येते. तिला माझ्याशिवाय कोण आहे?'"

मी म्हटलं, "समजावते."

आत गेले.

"उशीर केलास," शिडी म्हणाली.

"वारा होता."

वारा नव्हता.

पुस्तक पिशवीतच राहू दिलं. तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "त्याच्याकडे जा."

तिने मग हात पुढे केला, चाचपडत माझ्या जाकिटाची चेन शोधली आणि गळ्यापर्यंत ओढून लावली. "फोनवरून वाचशील ना?"