पुढाकाराचे दोन रकाने

३ जून, सकाळी
ठरलं. शिक्षकांच्या अभ्यासमंडळात माझा निबंध: 'पुरुषाची ओढ निसर्गाची, बाईची लाज संस्कारांची.' वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय, मी नाही लिहिणार तर कोण? (प्रजननाचा धडा मुलांना घरी वाचायला सांगतो, तो वेळेअभावी.) पुरावा घरचाच. वहीत दोन रकाने आखले: 'मी' आणि 'ही'. जवळ कोण आधी आलं, त्याच्या रकान्यात खूण. निकाल उघड आहे, पण विज्ञान म्हणजे विज्ञान.

६ जून
पेपर तपासताना बायकोने मागून येऊन मानेवर हात ठेवला. टोटल चुकेल म्हणालो. खूण तिला. अपवाद.

९ जून, रविवार
हिने लेकीला मावशीकडे धाडलं आणि भरदुपारी दाराला कडी लावली. नेमकी मला ॲसिडिटी. अपवाद क्रमांक दोन.

१२ जून
उद्या पुढाकार. पुरुष मुळात शिकारी. आरशासमोर तालीम केली.

१३ जून
स्वयंपाकघरापर्यंत पोचलो. ही वळली. गॅस बंद केलास ना, असं विचारून परतलो. भाजी शिजत होती.

१६ जून
माझ्यात काही कमी आहे का, असं हिने विचारलं. मी पाऊण तास हॉर्मोन्स समजावले. बायका स्वभावतःच लाजऱ्या, हेही सांगितलं.
"लाज तुम्हाला वाटते आणि नाव माझं लावता," ही म्हणाली. "तुम्ही मला हवे आहात, हे सांगताना मी कधी लाजले?"
विषयांतर. पण मग वाईट वाटलं. मलाही ती हवी आहे, फार. आमच्या घरी असला विषय निघाला की आजोबा खाकरायचे. ते खाकरणं अजून माझ्या घशात बसलंय. निबंधात घेण्यासारखं नाही.

१९ जून
ही सात, मी शून्य. रकान्यांची नावं घाईत उलटी पडली असणार. खोडून दुरुस्त केली.

२२ जून
वाचन झालं. टाळ्या. गणिताच्या बाई तेवढ्या हसत होत्या. त्यांना माझा विषय कळत नाही.

२६ जून
दहा दिवसांत एकही खूण नाही. ही नीट बोलते, वाढते, आणि पुस्तक घेऊन बसते. मला भीती वाटतेय.

३० जून, दुपारी
घरात आम्ही दोघंच. ही पलंगावर वाचत पडली होती. दारात उभा राहिलो. "मला..." एवढंच तोंडातून निघालं.
"चष्मा हवाय का?" हिने मान वर न करता विचारलं. "टेबलावर असेल."
हो म्हणालो आणि बाहेर आलो. चष्मा डोळ्यांवरच होता.