शिट्टीतली वाळू

३ फेब्रुवारी, सोमवार

सत्तेचाळीस एरर. सत्तेचाळीस! कंपनीत एका लॉटमध्ये एवढे डिफेक्ट निघाले असते तर लाल टॅग लावून मोकळी झाले असते. इथे टॅग कुणाला लावू — कॉम्प्युटरला की मला?

नीट लिहून ठेवते, नाहीतर आठ दिवसांनी मलाच कळायचं नाही हे काय चाललं होतं.

पप्पांनी एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर काढली. रिटायर झाले तेव्हा प्रेस तिथेच राहिली, तिचा आवाज मात्र घरी आला. कानात अखंड शिट्टी. दवाखान्यात हेडफोन लावून आवाज जुळवायला बसवलं, तर प्रत्येक आवाजाला म्हणाले, "हाच." का? तर डॉक्टरबाईंना वाईट वाटू नये! त्या म्हणाल्या होत्या, नक्की आवाज सापडला तर तसाच हलका आवाज ऐकवून कधीकधी आराम पडतो. पप्पा आता कट्ट्यावर जात नाहीत. फोन घेत नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसतात. हे बघवत नाही.

म्हणून मी आवाज बनवायचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं. स्क्रीनवर चौकोन मांडायचे, रेघांनी जोडायचे, आवाज येतो. साधी शिट्टी पहिल्याच दिवशी जमली. पप्पा म्हणाले, "नुसती शिट्टी न्हाई गं. शिट्टीत वाळू हाय."

वाळूचा चौकोन एका वेगळ्या लायब्ररीत आहे. ती तयार मिळते, पण दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरसाठी. (कॉम्प्युटरलाही जात असते हे पप्पांना सांगितलं नाही. मोर्चा काढतील.) आपल्या डेस्कटॉपला हवी तर मूळ कोड घ्या आणि स्वतः कंपाइल करा — म्हणजे माणसाने लिहिलेलं मशीनला पचेल असं करून द्या. पचत नाहीये.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या कंपनीतल्या आयटीवाल्या ज्योतीरामला विचारलं. सगळं ऐकून घेतलं त्याने, अगदी कपाळाला आठ्या घालून. मग म्हणतो, "मॅडम, एकदा बंद करून चालू करा."

केलं. अठ्ठेचाळीस.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. आमच्या एमआयडीसीत म्हणजे गुरुवार. म्हणजे दहा ते चार लाइट नाही. वा!

काल एररचे फोटो काढून ठेवले होते, ते मोबाइलवर वाचत बसले. आई म्हणाली, "डबा बंद पडलाय तरी त्याच्यासमोरच बसलीस?" आई या सगळ्याला "शिट्टीचं नाटक" म्हणते. पप्पांनाही तेच म्हणते.

पण वाचल्याचा उपयोग झाला. खरा एरर एकच आहे! एक फाइल त्याला सापडत नाही. बाकीचे सत्तेचाळीस नुसते त्याच्या मयताला आलेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

फाइल तिथेच आहे. डोळ्यांनी दिसते. मला दिसते, त्याला दिसत नाही.

नेटवर एका ग्रुपवर विचारलं. कुणा शहाण्याचं उत्तर — सोबतची सूचना वाचली का? वाचली रे बाबा! त्यात लिहिलंय, 'मेक' टाइप करा. पुरणपोळीच्या कृतीत "पुरणपोळी करा" एवढंच लिहावं तसं.

९ फेब्रुवारी, रविवार

उत्कर्षाला वाकडहून बोलावून घेतलं. शाळेतली मैत्रीण, आता सॉफ्टवेअरवाली. खुर्चीत बसली, स्क्रीन बघितली आणि हसतच सुटली. माझ्या फोल्डरचं नाव होतं 'पप्पांचा कान नवीन फायनल दोन'.

"रश्मे! नावात स्पेस! आणि वर मराठीत! बिचारं पहिल्याच शब्दापाशी अडकून बसलंय!"

नाव बदललं. साधं इंग्रजी 'kaan'. परत चालवलं. शून्य एरर! मी ओरडले, तर पप्पांनी भिंतीकडचं तोंड वळवून बघितलं.

मग सॉफ्टवेअरमध्ये चौकोन टाकला तर — बनवता येत नाही, म्हणे. उत्कर्षा म्हणाली, "सॉफ्टवेअर बत्तीस बिटचं टाकलंयस आणि लायब्ररी चौसष्टची बनवलीस."

"म्हणजे?"

"म्हणजे नट आठचा, बोल्ट दहाचा."

"मग असं मराठीत बोल ना!"

११ फेब्रुवारी, मंगळवार

कामावरून येऊन चप्पल न काढता बसले. सॉफ्टवेअर चौसष्टचं टाकलं. वाळू आली! खरखर, बारीक, जशी हवी तशी. आईने चहा ठेवला होता, त्याच्यावर साय धरली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लाइट होती! पप्पांना हेडफोन लावून बसवलं. आवाज बारीक ठेवला, माऊस त्यांच्या हातात दिला. एक पट्टी शिट्टीची, एक वाळूची.

अर्ध्या मिनिटात म्हणाले, "हाच."

"डॉक्टरबाई नाहीयेत इथे. खरं सांगा."

पट्टी सरकवायला लागले. वर. थोडी खाली. वाळू कमी, वाळू जास्त. वीस मिनिटं! मग हात थांबला. माऊस सोडून दिला, असा, गरम भांडं सोडावं तसा. पट्टीवरचा आकडा बघितला — सहा हजार दोनशे हर्ट्झ.

मग म्हणाले, "कस्तुराला ऐकव." म्हणजे आईला.

हेडफोनची पिन काढली. आई ओले हात पुसत आली, उभ्यानेच ऐकलं, आणि आत गेली. पप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "आता कळलं तिला. नाटक नव्हतं." संध्याकाळी कट्ट्यावर गेले. स्वतःहून!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पप्पा बाहेर गेल्यावर आईने खोलीचं दार लावून घेतलं. हेडफोन घातला. म्हणाली, "ह्याच्यापेक्षा खाली कसा आणायचा?" दाखवलं. "वाळू काढ." काढली. स्वतःच पट्टी सरकवत राहिली. तीन हजार शंभरला थांबली.

"हा माझा."

कधीपासून, विचारलं.

"तू पोटात होतीस तवापासून."

मी चौतीस वर्षांची आहे.