नवऱ्याच्या पँटी आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, वय पन्नाशीच्या अलीकडे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाला बळी न पडता पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. नवरा आरशासमोर शिट्टी वाजवत दाढी करतो आहे, त्यामुळे ‘शुद्धीत’ हा शब्द दोनदा खोडावा लागला, याची नोंद घ्यावी.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव नवऱ्याला. त्याला ती पुरेल. त्याला सगळंच पुरतं. जो स्वतःवर खूश, तो बायकोवरही खूश, संसारावरही. मला मात्र कुणी ‘छान दिसतेस’ म्हटलं की मी मागे वळून बघते, कोणाला म्हणतंय ते. उभा जन्म त्याच्या या खुशीवर जळले.

२. मशीन व मोठी कात्री धाकट्या जावेला. कात्रीने कागद कापल्यास हक्क रद्द.

३. नवऱ्याच्या पँटी. लग्नातली कंबर अजून तश्शीच आहे, असं तो गावभर सांगतो. तशी नाही. इस्त्रीच्या निमित्ताने मी शिवणीतली माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडत आले; ती संपली तेव्हा मागून जोड दिला. खालच्या मजल्यावरची औषधवाली म्हणते, “भाऊजी, तुम्ही काही बदलतच नाही हं!” की हा दोन दिवस पोट आत घेऊन गातो. शिवण माझी, कौतुक तिचं! सबब, हे कलम त्याच्या मित्रमंडळींसमोर मोठ्याने वाचावे.

इथवर लिहिलं आणि तो फेसाळ तोंडाने बाहेर आला.

“माझ्या वाट्याला काय गं?”

“पँटी.”

“बास? आणि तू गेल्यावर मी करू काय?”

“लग्न कर. खालची आहेच.”

“तिचं काय घेऊन बसलीस! ती प्रत्येक गिऱ्हाइकाला छानच म्हणते. तुझ्या तोंडून कधी निघतं का बघतोय, म्हणून तर रोज एवढी दाढी घासतो.”

मी सवयीने मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

कलम तीन रद्द. सुधारित: पँटींची गोष्ट त्याला कधीही कळू देऊ नये. त्याने पुन्हा लग्न केल्यास शिवण उसवायचा माझा हुक आणि ही हकिकत नवरीला बंद पाकिटात द्यावी. ती औषधवाली असली तरी द्यावी. माझा जळफळाट मी सोबत नेणार आहे. त्याची वाटणी करू नये.

स्थळ: घरातलंच दुकान, मशीनपाशी.
दिनांक: सहीखाली घातला आहे.
साक्षीदार: १. कोपऱ्यावरचा घड्याळजी. २. औषधवाली (मजकूर न वाचता; घाई आहे असं मीच तिला सांगितलं).

ता. क. सही करायला ती वाकली तेव्हा तिच्या पांढऱ्या कोटाची खालची शिवण उसवलेली दिसली. उभ्या उभ्या घालून दिली. परवा माझ्या बोटात सुई गेली तेव्हा पट्टीचे पैसे तिने घेतले नव्हते. मीही शिलाई घेतली नाही.