मैनेची शिट्टी

४ जानेवारी १९५४, कारंजा
आगगाडीची शिट्टी घोडीच्या गळ्यातून ऐकावी लागते, याची दाद कोणत्या कोर्टात मागायची? रहीमच्या टांग्याची मैना स्टेशनाच्या चढावर शिट्ट्या मारत थांबली — खरी गाडी तोवर मूर्तिजापूरकडे पसार! अशील तिथे, वकील इथे. दसऱ्याला वर्षभराच्या भाड्यापोटी, मैनेच्या खुराकासाठी म्हणून, माझ्या शेतातली दोन पोती लाखेची डाळ दिली आहे त्याला. एवढं कडधान्य खाऊन घोडी माजणार नाही तर काय!

९ जानेवारी
माजलेली नाही. आज मुद्दाम उतरून पाहिलं. डोळे स्वच्छ, भूक राक्षसाची, पुढचे पाय ऐटदार. मागचे मात्र फरफटतात. सपाटीवर शिट्टी नाही, चढावरच. का?
रहीम म्हणाला, "नजर लागली, वकीलसाहेब. तुमीच रोज तिले हासून राह्यले."

१० जानेवारी
मागच्या पायाला काडी टोचली. कान लगेच हलला. पाय — सावकाश!

१५ जानेवारी
ढोरांचे डॉक्टर उदयसिंग आले. पहिला प्रश्न, "खायाले काय देता?"
रहीमने माझ्याकडे पाहिलंही नाही. "लाख. बाजारातली."
मग डॉक्टर सांगत राहिले. लाखेत विष असतं. थोडी पचते, महिनोन्‌महिने खाल्ली की कण्यातल्या नसा मरतात. पाय धडधाकट, हुकूमच पोचत नाही — वॉरंट निघतं, बजावणी होत नाही! गळ्याच्या नसांचंही तेच. दम वाढला की वाट अरुंद, म्हणून शिट्टी. माणसांचेही पाय जातात म्हणे.
"घोडी चालेल कदाचित. टांग्याले मात्र जुंपू नका."
"विलक्षण!" म्हणालो मी. एवढंच म्हणालो.

१६ जानेवारी
'माणसांचेही' हा शब्द सकाळपासून कानात. रहीमच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला, कुलसुमला, विचारलं — घरात शिजवली का लाख?
"नाई जी. तंगी त होती. पन तुमी मैनाच्या नावानं देल्ली ना. तिच्या तोंडचं कसं खाऊ?"
उरलेलं पोतं उचलून आणलं. रस्त्यात एकालाही टोमणा मारला नाही.

१९ जानेवारी
माझी दमणी, ती छोटी बैलगाडी, रहीमच्या दारात सोडली आणि दोन्ही बैल तिथेच बांधले. भाडी मारू दे. मैनेसाठी हरभरा ठेवला.
रहीम बैलांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "हे शिट्टी नाई मारत, वकीलसाहेब. तुमाले करमन का?"

२० जानेवारी
डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली. दोन ओळी. लाख बाजारातली नव्हती. माझी होती.